पाटलांनी साहेबाला दिलेला किताब

मी अकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्याच हंगामात पातूरकडच्या एका पाटलांच्या कापूस भरलेल्या गाड्या तहसिलीच्या शिपायांनी जिल्ह्याच्या इंग्रज साहेबाच्या दौऱ्यासाठी वेठीला धरल्या. कापूस रस्त्याकडेला उतरवलेला, वर आभाळ भरून आलेलं. पाटील तडक माझ्याकडे आले.

"मास्तर, सायबाले इंग्रजीत काय म्हनू?"

"सर म्हणा."

"ते तं सारेच म्हन्तेत. सगळ्यात मोठं सांगा."

मी समजावलं. सगळ्यात मोठा मान 'मॅजेस्टी', पण तो विलायतेच्या राणीचा. तोंडावर बोलताना 'युवर', माघारी 'हर'. तिच्या मुलांना 'रॉयल हायनेस'. हैदराबादच्या निजामांना नुसतं 'हायनेस'.

"मंग आपला वऱ्हाड कोनाचा? हायनेसचा का मॅजेस्टीचा?"

मी उठून दार लोटलं. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, हे मोठ्यानं बोलायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुभाषा म्हणून मी त्यांच्याबरोबर साहेबाच्या छावणीत गेलो. 'सर' एवढंच म्हणा, असं वाटभर बजावत होतो. तंबूत शिरताच पाटलांनी वाकून मुजरा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "युवर मॅजेस्टी!"

कारकुनांच्या लेखण्या थांबल्या. साहेब लालबुंद झाला. "हा किताब फक्त राणीसाहेबांचा. याला सांग," तो मला म्हणाला. मी सांगितलं.

"मंग तिलेच इचारा ना," पाटील म्हणाले, "तिच्या नावानं माह्या गाड्या धरून राहिले, हे तिले ठाऊक आहे का?"

इंग्रजीत राणीला नुसतं 'ती' कसं म्हणणार? 'हर मॅजेस्टींना हे ठाऊक आहे का,' असं मी विचारलं. मानाच्या शब्दानं प्रश्न मवाळ होईल असं वाटलं होतं. तो जास्तच बोचरा झाला.

साहेबानं कारकुनांकडे पाहिलं; हा प्रश्न कागदावर चढून वर गेला, तर उत्तर त्यालाच द्यावं लागणार होतं. मग त्यानं गाड्या सोडायचा हुकूम दिला. पाटलांचा कापूस पावसाआधी बाजारात पोचला.

थोड्याच दिवसांत माझी बदली अमरावतीला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सामान न्यायला पाटील स्वतः गाडी जुंपून आले.

"काहून उदास बसले, मास्तर? पोट्टे तं तिथंबी हायेत."

पोरं होतीच. पण नव्या शाळेत कितीतरी महिने, दारात शिपाई दिसला की माझा हात फळ्यावरच थांबायचा.