नळाच्या भरवशावर

सारिका आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर होतो. मी पुढे शहापूरला मराठी घेऊन बीए केलं. ती लग्न होऊन बिवळवाडीला गेली. वाडी डोंगराच्या उतारावर आहे. ओट्यावर बसलं की खाली भातसा धरणाचं पाणी दिसतं, लांबच लांब पसरलेलं.

गेल्या हिवाळ्यात, भात झोडून झाल्यावर, ती माझ्याकडे आली. दवाखान्यात सोबत चल म्हणाली. कशासाठी ते सांगेना. रांगेत बसल्यावर माझ्या कानाशी लागली.

"माझं अंग बाहेर येतं गो. धाकटी झाली तेव्हापासून."

ती माझ्याच वयाची. सत्तावीस. मला वाटायचं, हे म्हाताऱ्या बायांचं दुखणं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. गर्भाची पिशवी खाली सरकलीय, म्हणाल्या. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचललीस का, असं विचारलं. सारिकाने वाडीची रीत सांगितली. बाळंतिणीचं पाणी शेजारणी भरतात, पण पाचवीपर्यंतच. मग आपला हंडा आपण.

ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट होणार होतं. अट एकच. नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा नाही.

तारीख कोणती घेणार, असं त्यांनी विचारलं. सारिका बोटांवर वर्ष मोजू लागली. पावसात आवणी, म्हणजे भाताची लावणी, ती सोडली तर घरात तांदूळ नाही. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. मग पोरांसकट भिवंडीकडे वीटभट्टीवर. होळीला परत. उन्हाळ्यात मजुरी नसते, पण वाडीची विहीर आटते. मग धरणापर्यंत उतरायचं आणि हंडे घेऊन चढायचं.

"अगं, मग वर्षात तू रिकामी असतेस कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तेच बघतेय, बाई."

एकदम तिला आठवलं. यंदा नळ येणार होता. प्रत्येक दारात सिमेंटचा ओटा बांधून झाला होता, निळा पाइप आला होता, तोटी बसली होती. होळीपर्यंत पाणी सुटेल, असं ठेकेदाराचा माणूस सांगून गेला होता. सारिकाने होळीनंतरची तारीख घेतली. घरी जाताना एसटीत ती खुशीत होती. उन्हाळ्यात पाय पसरून बसणारी वाडीतली पहिली बाई मीच, म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. त्याच आठवड्यात नळाला पाणीही आलं. माणसं आली, नारळ फोडला, फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून तोटी कोरडी.

मी ग्रामपंचायतीत गेले. नळाची टाकी वाडीच्याच विहिरीवरून भरायची होती. विहीर नेहमीसारखी आटली होती. मग धरणातून का उचलत नाही, असं विचारलं. ते पाणी शहरासाठी राखून ठेवलंय, त्याला वेगळी परवानगी लागते, असं उत्तर मिळालं. वर तिथला माणूस म्हणाला, नळ पोचलेत ना सगळ्या घरांत? तसं आम्ही वरच्या ऑफिसला कळवलंसुद्धा.

सारिकाचा नवरा अमोल भट्टी उठली की भिवंडीतच गोदामात कामाला असतो. रविवारी येतो, मोटरसायकलवर दोन कॅन पाणी आणतो. बाकीचे दिवस तिची सासू गुणाबाई हंडे वाहू लागली.

एका सकाळी मी ओट्यावर सारिकाजवळ बसले होते. गुणाबाई चढ चढत होती. मध्येच थांबली. हंडा दगडावर टेकवला, आमच्याकडे पाठ केली, लुगडं सावरलं, आणि पुन्हा चालू लागली. वर आल्यावर मी विचारलं, काय झालं?

"काय नाय. आत लोटायचं नि चालायचं. माझं अमोलच्या वख्तापासून हाय."

हे तिने पाटा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं सांगितलं. सारिका तिच्याकडे बघत राहिली. एका घरात राहून तिलाही ठाऊक नव्हतं.

तिने सासूला हंडा उचलू देणार नाही म्हणून हट्ट धरला. तेव्हा गुणाबाई पाण्यावर गेली आणि बायांना म्हणाली, माझ्या सुनेला बाळंतीण समजा, तिचं पाणी भरा. ऑपरेशन कशाचं, तेही सांगून टाकलं. मग शेजारची भिमा हसायला लागली.

"मंग आमचं कोन भरल गो? आमचंबी तेच हाय."

एकीने कबूल केल्यावर दुसरी बोलली, मग तिसरी. वर्षानुवर्षं एका वाटेने चढत होत्या आणि एकमेकींना कंबर दुखते एवढंच सांगत होत्या. तरी त्यांनी पाळ्या लावल्या. रोज एकजण सारिकाच्या दारात पाणी आणून ठेवायची.

सारिकाला ते पाणी गोड लागेना. कोण आणतेय ते आता तिला माहीत होतं. ती तोंड धुतानाही थेंबाथेंबाने धुवायची.

पाणी भरायची पाळी भिमाची होती त्या दिवशी ती चढावर मटकन बसली. पोट धरून बसली, उठेना. सारिकाने ओट्यावरून पाहिलं. ती खाली गेली आणि भिमाचा हंडा डोक्यावर घेऊन वर आली. दुसऱ्या दिवशी स्वतःचा घेऊन गेली.

मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले. तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?

"मला सांगितलं. भिमाला कोनी सांगितलं?"

पावसाच्या तोंडावर आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. अंग परत खाली आलं होतं. डॉक्टरीणबाई चिडल्या. आम्ही जीव तोडून करायचं आणि तुम्ही काळजी घ्यायची नाही, म्हणाल्या. मी नळाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कपाळ चोळत म्हणाल्या, मी ऑपरेशन देऊ शकते, पाणी कुठून देऊ? पुन्हा करता येईल. पण अट तीच राहील.

सारिका खोलीतल्या बेसिनकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, आमी पाच-सहाजणी हाव. ऑपरेशन करून तीन महिने हितंच ठेवाल काय? हितं नळाला पानी हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. तेवढ्या खाटा नाहीत, म्हणाल्या. आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.