आई हसली तो शब्द

"आमच्या बाई दर्शनशास्त्र शिकवतात, कौतुक आहे. यांच्या आजोबांना दर्शन देवळाबाहेरूनसुद्धा मिळत नव्हतं."

सर माइकवर असं म्हणाले आणि नाशिकचं ते अख्खं सभागृह हसलं. शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती. देवळाली कॅम्पहून बसनं आलेली, ठेवणीतलं पांढरं पातळ नेसलेली. तीपण हसली. तिला वाटलं, लेकीची तारीफ चाललीय.

माझं अंग पेटलं.

ऐंशीचं साल नुकतंच सरलं होतं. सर कॉलेजात माझे वरिष्ठ. 'तत्त्वज्ञानातल्या स्त्रिया' हा विषय मी सुचवलेला, वाचन माझं, व्याख्यान मात्र सरांचं. माझ्याकडे काय? आभार. व्यासपीठावर एक बाई दिसायला हवी ना. सरांनी तासभर बायकांची सहनशीलता सांगितली, पतिव्रता सांगितल्या. विचार करणारी एकही बाई त्यांना सापडली नाही.

शेवटी माझं नाव पुकारलं. मी उठले.

"आभार मानावेत असं इथं काही झालेलं नाही. म्हणून विषयावर बोलते."

आणि बोलले. उपनिषदात भर सभेत ऋषीला प्रश्न विचारणाऱ्या बाईला डोकं गळून पडेल अशी धमकी मिळाली होती, ते सांगितलं. घरदार सोडून भिक्खुणी झालेल्या, दुःखाचं मूळ स्वतःच्या बुद्धीनं शोधणाऱ्या बायका सांगितल्या. कुणीतरी माइक बंद केला. गेला उडत. वस्तीतल्या नळावर भांडून तयार झालेला आवाज आहे माझा. संपेपर्यंत बोलले.

परतताना बसमध्ये आईनं विचारलं, तो साहेब काय बोलला म्हणून समदे हसले? मी तिला दर्शनाचे दोन्ही अर्थ सांगितले. एक देवाचं, एक विचाराचं. आणि आजोबांवरचा टोमणाही फोड करून सांगितला.

"मला काय ठावं गं," ती म्हणाली. "मी बी हसले ना त्यांच्यासंगं."

सरांचं बोलणं मी पचवलं असतं. हे नाही पचलं.

पुढच्या रविवारपासून वस्तीतल्या विहारात मी बायांना घेऊन दर्शनशास्त्र शिकवायला बसू लागले. त्या ऐकतात, वाद घालतात, मलाही गप्प करतात. सरांनी निरोप धाडला, असल्या ठिकाणी शास्त्राची विटंबना करू नका. होऊ दे. आमच्या बायांना कळत नाही म्हणून त्यांच्यादेखत त्यांची थट्टा करायचे दिवस मी संपवणार आहे. यापुढे कुणी केलीच, तर त्या हसणार नाहीत. उठून जाब विचारतील.