बकरीसाठी तरोटा

आमच्या मळ्यात बाराही महिने भाजी असायची आणि घरात नसायची. मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं जुड्या-टोपल्यांनी मंगरूळपीरच्या बाजारात जायचं. एखादं किडकं वांगं मागे राहिलं तर आमचं. माय म्हणायची, "विकाच्या भाजीले हात लावाचा नाही." आषाढ लागला की ती टेकडीवरून तरोट्याचा, त्या फुकटच्या रानभाजीचा, कोवळा पाला खुडून आणायची. कांदा घालून त्याची भाजी, सोबत भाकर. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. शाळेत मी डबा झाकणाआड खायची.

पुढे मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात पहिलीच. त्याचा मला ताठा होता, अजूनही आहे. शेवटच्या वर्षी आषाढात आमच्या मराठीच्या मॅडम एका रविवारी आमचं गाव पाहायला आल्या. दुपारचा चहा झाल्यावर म्हणाल्या, चला, टेकडीवर फिरून येऊ. माय म्हणाली, "मीबी येतो."

टेकडीची धार आमच्या गावापासून लांबच लांब जाते. एका अंगाला सोयाबीनची शेतं, दुसऱ्या अंगाला सागाचा उतार आणि खाली तलाव. ढगाची सावली शेतांवरून हळूहळू सरकत होती. मॅडम दर दहा पावलांवर थांबत होत्या. घाई कोणालाच नव्हती. माय मागे राहिली म्हणून वळून पाहिलं, तर ती वाकून तरोटा खुडत होती. ओटी अर्धी भरलेली. मला कळलं, मॅडमना ती आज हीच भाजी करून वाढणार.

मॅडमनी विचारलं, "काय खुडताय हो मावशी?"

मायनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "काही नाही मॅडम, बकरीसाठी."

आमच्याकडे बकरी नव्हती.

"हो का? घरी दिसली नाही मला."

मायनं माझ्याकडे पाहिलं. "चराले गेली ते," ती मॅडमना म्हणाली.

थोडं पुढे एका पळसाखाली तिनं ओटी झटकली आणि आमच्या बरोबरीनं चालू लागली. मॅडमना तलाव दाखवला, कोणतं शेत कोणाचं ते सांगितलं. तिच्या आवाजात काही फरक नव्हता.

संध्याकाळी तिनं बाजारासाठी काढून ठेवलेली चांगली वांगी चिरली. मॅडम पोटभर जेवल्या आणि बसनं गेल्या. माय भांडी घासता घासता म्हणाली, "लबाडी कराची तं नीट कराव वं. तरोट्याले बकरी तोंड नाही लावत."

मी हसायला गेले. ती हसली नाही.

"वांगे तं मॅडमले कुठंबी भेटतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, आपली भाजी खाऊ घालू."

मी ताटं विसळत बसले.

पदवी मिळाली, गावात पेढे वाटले. त्या दुपारची लाज काही गेली नाही. नोकरी लागल्यावर पुढच्या आषाढात मी मॅडमना पुन्हा बोलावलं. धारेवर त्यांच्यादेखत मी स्वतः तरोटा खुडला, मायनं भाजी केली. मॅडमनी एकदाच घेतली, त्यांना ती उग्र लागली. पण जेवायला बसण्याआधी, माय समोर असताना, मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे बकरी कधीच नव्हती आणि हा पाला खाऊनच आम्ही भावंडं वाढलो.