युकुलेलेला स्टीलच्या तारा

जुन्या जालन्यात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या आणि तिथंच शिकवणाऱ्या मास्तरानं मला फसवलं. लहान गिटारीसारख्या माझ्या युकुलेलेला त्यानं स्टीलच्या तारा बसवल्या. त्या बसवायच्या नसतात, हे त्याला माहीत होतं.

अर्धांगवायूनं बायकोची वाचा गेली. भजनी मंडळात ती पुढं बसून गाणारी. आता तिला पाणी मागता येईना. डॉक्टर म्हणाले, कधी कधी बोलणं जातं पण गाण्याची चाल राहते, घरात गाणं होऊ द्या. मला गळा नाही. चार तारांचं हे वाद्य लवकर येतं असं मास्तर म्हणाला, म्हणून घासाघीस करून त्याच्याकडूनच घेतलं आणि त्याच्याकडंच शिकायला लागलो.

एमआयडीसीतलं भंगार उचलून मी धंदा उभा केला. हात राठ. तार पकडीत धरावी तशी दाबायचो. मास्तरानं कधी टोकलं नाही. मोबाइलवर बघून मीच सुधारलो. तार वाद्याच्या मानेवरच्या आडव्या पट्टीला लागून, हलकी दाबायची. अंगठा त्या मानेमागं सैल. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलायची तर आधी न वाजवता नुसती बोटं फिरवायची. झणकारा मनगटातून, खांद्यातून नाही. चुकलं तरी थांबायचं नाही, लयच कमी ठेवायची. कारण मी थांबलो की सोबत गुणगुणणारी तीही थांबायची.

एका सकाळी तिनं भजनाची ओळ गुणगुणत पुरी केली आणि शेवटचा शब्द स्पष्ट आला: "घरी." मी वाजवतच राहिलो. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

पण तारा रोज सुरातून उतरायच्या. तापून दुकानात गेलो.

"मास्तर, रोज सुरात लावतो, रोज उतरून राह्यली. काय माल दिला मला?"

"मंग स्टीलच्या बसवतो, शेठ. लोखंडातला माणूस तुम्ही, नायलॉन शोभतंय का तुम्हाला?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. नव्या नायलॉनच्या तारा ताणत जातात, काही दिवस लावत राहिलं की बसतात, एवढं एक वाक्य त्यानं बोलायला हवं होतं.

स्टीलचा ताण त्या पातळ लाकडाला सोसला नाही. ओळ चालू असताना तारांखालची घोडी उखडली आणि तार सपकन तिच्या गालावर बसली. रक्त आलं. ती ओरडली, त्या ओरडण्यात शब्द नव्हता. आता नायलॉनच्या तारांचं दुसरं वाद्य आणलंय. ते हातात घेतलं की ती भिंतीकडं तोंड करते. गुणगुणणंही गेलं.

मास्तराला जाब विचारला.

"नवीन देतो ना शेठ, फुकट. एवढं काय तापून राह्यले?"

"तुला माहीत होतं का न्हाई?"

"माहीत होतं. पण तुम्ही भांडतच आल्ते. तुमच्यापुढं कोण बोलणार?"

माझा आवाज मोठा आहे, बिलकुल मान्य. पण मी वाकडी सळई सरळ म्हणून विकली, तर गिऱ्हाईक तापट होतं असं म्हणून सुटत नाही. मला फुकटचं वाद्य नको. मास्तर, माझ्या घरी ये, तिच्यासमोर बस, आणि माहीत असून गप्प का राहिलास याचं उत्तर तिला दे.