डब्यात टाकलेली बातमी

आमच्या दुकानाचं शटर सकाळी अर्धंच उघडतं. तेवढ्या उजेडात मी स्टुलावर बसून मोबाइलवरच्या बातम्या मोठ्याने वाचतो, भाऊ खुर्चीत बसून ऐकतात आणि वाचून झालं की शटर पूर्ण वर जातं. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत, एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं हे दुकान आहे. एखादं गिऱ्हाईक शटरखालून वाकून विचारतं, "झाली का बातमी?" नाही म्हटलं की ते चहा पिऊन येतं. सगळ्यांना याची सवय झाली आहे.

भाऊ म्हणजे दुकानाचे मालक. मी मूळचा इथला नाही. माझं गाव सिंधुदुर्गात. आठवीत एकदा मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन घरी आलो तो पुन्हा शाळेत गेलो नाही. पुढे इंटरनेटची केबल टाकायला रस्त्याकडेने चर खणणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत इकडे पोचलो. एका सकाळी मुकादम आणि टेम्पो दोन्ही गायब. माझ्या मोबाइलचा चार्जिंग पॉइंट तुटलेला, म्हणजे घरी फोनही लावता येईना. भाऊंनी तो बसवून दिला आणि विचारलं, "आता घरी काय सांगशीन?" मला काही सुचेना. ते म्हणाले, "मंग बस इथं. सुचलं की सांग."

त्याला अकरा वर्षं झाली. अजून मी बसलेलोच आहे. रोज दुकानात शिरताना आधी भाऊंच्या चेहऱ्याकडे बघतो, आज जा म्हणतात की काय. कधीच म्हणाले नाहीत, पण माझी ती सवय गेलेली नाही.

बातम्यांची पद्धत त्यांनीच सुरू केली. मी ओळीवर बोट ठेवून वाचतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "धंदा मोबाइलचा हाय आपला," ते म्हणाले. "जग काय करून राह्यलं ते माहीत पायजे. रोज वाचायचं, मोठ्यानं." मी वाचायचो, ते माझ्या खांद्यावरून बघायचे आणि चुकलं की टपली मारायचे. उपग्रह, प्रयोगशाळा, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द मी टपल्या खाऊन शिकलो.

वाचता येऊ लागलं तसा एक नवाच त्रास सुरू झाला. या बातम्यांवर माझा विश्वास बसेना. पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी दर वर्षी येते, आणि आमच्या काउंटरवर मात्र फुगलेल्याच बॅटऱ्या येतात. घडी होणारा मोबाइल म्हणे लाखो वेळा मिटवला तरी काही होत नाही. इथे एकाने तो दोन महिन्यांत मधोमध रेघ पडलेला आणून दिला होता. ज्या गेमसाठी कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं डोळे लावून बसलीत, त्याची तारीख दर वेळी पुढे जाते, आणि दर वेळी तीच पोरं आत्ताच्या मोबाइलवर तो चालेल का हे विचारायला येतात. एखाद्या दगडाचं तर पृथ्वीकडे येणं सारखं चालूच असतं. ती बातमी वाचली की भाऊ म्हणायचे, "लोणारात एक पडून गेला. आपल्या जिल्ह्याचं काम झालं. आता दुसऱ्या जिल्ह्याले पडू दे."

माझ्या संशयावर उपाय म्हणून भाऊंनी डबा काढला. मिठाईचा रिकामा पत्र्याचा डबा. ज्या बातमीवर विश्वास बसत नाही ती जुन्या पावतीच्या मागे दोन ओळींत लिहायची, तारीख घालायची आणि डब्यात टाकायची. दसऱ्याला दुकानातली हत्यारं पुसून, सोल्डरिंगच्या गनला झेंडूचं फूल वाहून झालं की डबा उघडायचा. एकेक चिठ्ठी वाचायची आणि वर्षभरात कोण खरं ठरलं ते बघायचं, बातमी की मी. बहुतेक वेळा मीच जिंकायचो. जिंकलो की वहिनी मला करंजी जास्त वाढायच्या.

वहिनी म्हणजे भाऊंच्या बायको. तेव्हा दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायच्या आणि भाऊ जेवेपर्यंत मोबाइलवर शेतीचा गेम खेळायच्या. त्यात त्यांचं टमाट्याचं वावर होतं, दोन गायी होत्या, एक पवनचक्की होती.

"खऱ्या वावरात कधी खुरपं नाही धरलं," भाऊ म्हणायचे, "अन् इथं पाहा, पाणी देऊन राह्यली."

"खऱ्या वावरात तुमची आई होती," वहिनी मान वर न करता म्हणायच्या. "इथं मी एकटी हाव. जेवा गपचूप."

तो गेम कंपनी बंद करणार, अशी बातमी एकदा मी वाचली. वहिनी घाबरल्या. मी म्हटलं, खोटं असणार, लोकांना पुन्हा खेळायला लावायची ही युक्ती आहे. चिठ्ठी डब्यात गेली.

आता डोळ्यांचं सांगतो. आधी मला वाटलं होतं की माझं वाचन सुधारलं, कारण टपल्या बंद झाल्या होत्या. मग एकदा घाईत माझी आख्खी ओळ सुटली. वाक्य कुठल्या कुठे गेलं, आणि भाऊ मान हलवत राहिले. तेव्हापासून मी बघू लागलो. स्क्रू ठेवायच्या खणांच्या ट्रेमध्ये ते चुकीच्या खणात स्क्रू टाकत होते. मोबाइलच्या आतली कागदासारखी पातळ पट्टी जोडताना मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. बारीक काम आलं की म्हणायचे, "हे तू कर, तुले शिकाले पायजे." त्यांना शुगर आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं. याबद्दल ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

विचारलं का नाही, याची दोन कारणं आहेत. पहिलं लोकांना सांगण्यासारखं आहे. त्याच्या आदल्या वर्षी मीच एक बातमी वाचली होती, की चष्मा घालवणारे थेंब निघालेत. भाऊंनी ती हसण्यावारी नेली आणि मला न सांगता कुरिअरने थेंब मागवले. आठवडाभर डोळे लाल, सारखं पाणी. तेव्हापासून डोळ्यांबद्दलची कुठलीही बातमी दिसली की मी ती गिळायचो आणि पुढची वाचायचो. वाटायचं, मी त्यांना जपतोय.

दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे गेले असं एकदा कोणी डॉक्टर म्हणाला, की दुकान बंद होईल. भाऊ गावाकडे आपल्या भावांजवळ जातील. मग मी कुठे जाऊ? न बोललेली गोष्ट घडत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

आषाढात ती बातमी आली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत मोबाइलसारखा कॅमेरा येणार, तो डोळ्याच्या आतला फोटो काढणार, आणि शुगरमुळे डोळा बिघडतोय का ते कॉम्प्युटर लगेच ओळखणार. फुकट. मी अर्ध्या शटरच्या उजेडात ती मनातल्या मनात दोनदा वाचली. आमच्या दवाखान्यात पंखा बिघडला तर दुरुस्तीला माणूस येत नाही, आणि कॉम्प्युटर येऊन डोळे वाचणार? आणि फुकट हा शब्द आला की मी दोन पावलं मागे सरतोच.

"काऊन थांबला बे?" भाऊ म्हणाले.

"नेट गेलं," मी म्हटलं आणि चंद्रावरच्या पाण्याची बातमी वाचली.

ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी चिठ्ठी लिहिली. खरं तर ती न लिहिताही भागलं असतं. पण डबा हा आमचा नियम होता, आणि निदान डब्याला तरी फसवू नये असं वाटलं. घडी करून ती अगदी तळाशी सरकवली.

दसऱ्याला हत्यारं मांडली. मायक्रोस्कोप, हीट गन, चिमटे, सगळ्यांना कुंकू लागलं. डबा निघाला. दर वर्षी चिठ्ठ्या भाऊच वाचायचे. या वेळी त्यांनी डबा वहिनींपुढे सरकवला. "तू वाच. माझा चष्मा घरी राह्यला." चष्मा त्यांच्या खिशात होता. तो मला दिसत होता.

वहिनी वाचू लागल्या. घडीचा मोबाइल, मी जिंकलो. दगड, मी जिंकलो. पोरांच्या गेमची तारीख पुन्हा पुढे गेली होती, मीच जिंकलो. मग शेतीच्या गेमची चिठ्ठी निघाली. तो गेम श्रावणातच बंद पडला होता.

"ही हरला तू," वहिनी म्हणाल्या. "माझ्या दोन गायी गेल्या तुझ्या भरोशावर. एक करंजी कमी."

भाऊ हसले. मीही हसलो, पण माझं लक्ष डब्याच्या तळाकडे होतं. हात पुढे करून ती चिठ्ठी उचलावी असं वाटत होतं. त्याऐवजी मी समोरचे चिमटे सरळ करत राहिलो.

वहिनींनी ती उघडली आणि मोठ्याने वाचली. "तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कॅमेऱ्याने डोळ्याचा फोटो काढून शुगरवाल्यांचा आजार ओळखणार. फुकट. खोटं असेल." त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. "आषाढातली हाय ही. मले नाही सांगितलं तुम्ही."

"मले कुठं आठवते," भाऊ म्हणाले.

"आणि हे खोटं नाही," वहिनी म्हणाल्या. "आमच्या शेजारीण बाई भादव्यात जाऊन आल्या. दोन मिनिटांत होते म्हणत."

मी म्हटलं, "भाऊ, ही मी वाचलीच नव्हती. तशीच टाकली."

भाऊंनी माझ्याकडे तोंड केलं. माझ्याकडे म्हणजे, माझ्या जरा डावीकडे. "किती दिवस झाले तुले समजून?"

"काय समजून?" वहिनींनी विचारलं.

"मागच्या थंडीपासून," मी म्हटलं.

"मले त्याच्याही आधीपासून," भाऊ म्हणाले, आणि खिशातला चष्मा काढून मायक्रोस्कोपशेजारी ठेवला. "हा लावला तरी तसंच हाय."

वहिनींनी चिठ्ठ्या गोळा करून डब्यात भरल्या, झाकण लावलं. बराच वेळ त्या झाकणच दाबत होत्या. "मी रोज समोर बसते," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन हात अंतरावर. अन् दोघं मिळून मलेच खेळवून राह्यले." त्या दिवशी करंज्या कोणीच खाल्ल्या नाहीत.

दसऱ्याची सुट्टी संपून दवाखाना उघडला त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मशीन खरंच होतं. एवढंसं काळं, मोबाइलच्या पाठीला लावलेलं. सिस्टरबाईंनी ते भाऊंच्या डोळ्यासमोर धरलं, आणि पडद्यावर संत्र्यासारखा गोल फोटो आला. त्यात काळपट ठिपके. खाली लाल अक्षरात लिहून आलं, मोठ्या दवाखान्यात पाठवा. मी उभ्या आयुष्यात एवढी खरी बातमी वाचली नव्हती.

बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, डाव्या डोळ्याला लेसर देऊ, तो टिकेल. उजव्यात आतून रक्त उतरलंय, त्याची फार आशा धरू नका. वहिनी कागद घ्यायला गेल्या तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, आषाढात आलो असतो तर?"

ते हात पुसत होते. "लवकर आलेलं केव्हाही बरं," ते म्हणाले. "तेव्हा नक्की किती वाचलं असतं, ते आज मला सांगता येणार नाही."

या उत्तरावर मी पुष्कळ संशय घेऊन पाहिला. वाटतं, मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले. कधी वाटतं, खरंच त्यांना माहीत नसेल. ही चिठ्ठी टाकायला डबा नाही.

परतीच्या एसटीत भाऊ खिडकीशी बसले होते, काळा चष्मा लावून. मी शेजारी, मोबाइल खिशात. मेहकर फाटा जवळ आला तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, मी गावाकडे जातो." हे वाक्य मी बुलढाण्यापासून जुळवत होतो.

"सुचलं म्हणजे तुले शेवटी," ते म्हणाले. "अकरा वर्षं लागली." मग काळा चष्मा नाकावर सारून, "अन् पट्ट्या कोण जोडीन? ही?" वहिनी पुढच्या सीटवर होत्या. त्या वळल्या नाहीत, पण म्हणाल्या, "मी जोडीन. तुमच्या दोघायपेक्षा सरळ जोडीन."

मी गेलो नाही. आता बारीक काम सगळं मी करतो. भाऊ बोटाने चाचपून स्क्रू ओळखतात, ट्रेमध्ये बरोबर खणात टाकतात, आणि डाव्या डोळ्याने गिऱ्हाईक ओळखतात. वहिनी सकाळीच येतात. मी वाचतो तेव्हा त्या माझ्या खांद्यावरून बघत असतात. अजून टपली मारलेली नाही, पण ओळ सुटली तर मारतील.

एक मशीन खरं निघालं म्हणून माझा स्वभाव बदललेला नाही. गेल्या महिन्यात आवाजाची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटरची बातमी वाचल्यापासून मी आईचा फोन आला तरी आधी गावच्या विहिरीबद्दल काहीतरी विचारतो. आई चिडते. चिडली की खात्री पटते.

आज सकाळी एक बातमी होती. डोळ्यात बारीकशी चिप बसवून गेलेली नजर परत आणायची, असं कोणी परदेशात करून बघतंय. ती दिसली आणि माझं बोट पुढच्या बातमीकडे सरकलं. मागून वहिनींचा श्वास ऐकू येत होता. मी ती वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. अजून वेळ लागेल, असं शेवटी लिहिलं होतं तेही वाचलं.

भाऊ ऐकत होते. शटरखालून एका गिऱ्हाइकाने विचारलं, "झाली का बातमी?"

"थांब जरा," भाऊ म्हणाले. मग मला, "तुले काय वाटते?"

"मला खोटं वाटतं."

"मलेबी," ते म्हणाले. "चिठ्ठी लिही. अन् माझ्यासमोर टाक."

मी पावती उलटी करून लिहिली. त्यांनी हाताने चाचपून डबा जवळ ओढला, झाकण काढून धरलं आणि चिठ्ठी आत पडल्यावरच लावलं. मग मी उठून शटर वर केलं.