चूक ड्रायव्हरची नव्हती

जगदीश राऊळच्या अठ्ठावीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत त्याला ‘गाडी नीट चालवा’ असं कुणी म्हटलं नव्हतं. उशीर का झाला, फोन का उचलला नाही, काच का पुसली नाही, हे सगळं त्याने ऐकून घेतलं होतं. पण त्याच्या हाताबद्दल कधी कुणी ब्र काढला नव्हता. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या सकाळी, परळच्या फिजिओथेरपी सेंटरच्या दारात, अवधूत दामले जेव्हा म्हणाले, “जगदीश, जरा नीट चालवत जा हो, आईला किती दणके बसले,” तेव्हा आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली असं त्याला वाटलं.

चूक झाली नव्हती. मागच्या सीटवर आनंदीबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, विमा कंपनीच्या कचेरीत चौतीस वर्षं फायली सांभाळून निवृत्त झालेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. डिसेंबरात बाथरूममध्ये पडल्या आणि कण्याचा एक मणका चेपला. सहा आठवडे बिछान्यावर काढून आता आठवड्यातून तीनदा व्यायामाला यायचं होतं. हिंदू कॉलनी ते परळ, म्हणजे दादरहून जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं : दणके नकोत.

आणि दणके तर बसत होते. हे जगदीशला अवधूत साहेबांच्या आधी कळलं होतं. खड्डा डोळ्यांना दिसतो, पण रस्ता कळतो तो बुडाला, असं तो नव्या ड्रायव्हरांना सांगायचा. अकरा वर्षं त्याने दामल्यांची जुनी सेडान चालवली होती. ती खडखडायची, पण आनंदीबाई तिच्यात डुलक्या घ्यायच्या. दिवाळीत ही नवी आली. जर्मन, काळी, आतून एखाद्या हॉटेलच्या लॉबीसारखी. सीट गरम होणार, सीट गार होणार, छत उघडणार. आणि दादर सोडून शंभर पावलं गेलं नाही तोच गटाराच्या झाकणाची कड अशी लागणार, की जणू कुणी खालून हातोडी मारली.

तो वीसच्या वेगाने चालवू लागला. मागचे हॉर्न वाजवायचे, टॅक्सीवाले खिडकीतून बघून जायचे. काही फरक पडला नाही. उलट एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. मोठा खड्डा ही गाडी निमूटपणे गिळायची. पण पेव्हर ब्लॉकची वर आलेली कड, सिमेंटच्या रस्त्याचा सांधा, बोटभर उंचीचा डांबराचा तुकडा, असलं बारीकसारीक काही आलं की थेट पाठीत. सस्पेन्शन खराब असतं तर मोठ्या खड्ड्याला आधी ओरडलं असतं.

त्याने हवा तपासली. दारावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिली होती त्यापेक्षा चारही चाकांत सहा पॉइंट जास्त होती. ती उतरवली. थोडं सुधारलं. पण पुढच्या खेपेला हिंदमाताजवळ आनंदीबाईंच्या तोंडून “आई गं” निघालंच.

त्याच संध्याकाळी अवधूत साहेबांनी त्याला वर बोलावलं. ते बसायला सांगतात तेव्हा काहीतरी कठीण बोलायचं असतं, हे जगदीशला ठाऊक होतं.

“हे बघा, मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “आईपुरता दोन-तीन आठवडे एजन्सीचा माणूस घेऊ या. त्यांच्याकडे पेशंटची गाडी चालवायला शिकवलेले लोक असतात. तुम्ही मला ऑफिसला सोडत जा.”

जगदीश बसला नव्हता. उभ्यानेच त्याने विचारलं, “साहेब, माझ्या हातात दोष आहे असं म्हणणं आहे का तुमचं?”

“दोष असं नाही. वय होतं माणसाचं. छप्पन्न की सत्तावन्न तुम्ही?”

“छप्पन्न. आणि दोष गाडीत आहे.”

अवधूत साहेब हसले, वाईट अर्थाने नव्हे, पण हसले. “इतक्या महागाच्या गाडीत?”

“हो. मला आठ दिवस द्या. नाही दाखवून दिलं तर एजन्सीचा आणा, आणि मला ऑफिसलासुद्धा नका ठेवू.”

हे शेवटचं वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. घरी जाऊन त्याने बायकोला, शैलाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. नायगावची त्यांची चाळ पाडायला घेतल्यापासून दोघं ट्रान्झिटच्या खोलीत होती.

“अहो, ऐकून घेतलं असतं तर काय झिजला असतात?”

“चुकलो असतो तर पाय धरले असते,” तो म्हणाला. “चुकलो नाही.”

दुसऱ्या दिवशी साहेबांना लोअर परळला सोडून तो आधी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथली सल्लागार अपेक्षा नावाची तिशीतली मुलगी होती, स्वच्छ बोलणारी. तिने गाडी लिफ्टवर चढवली, खालून बघितली, कॉम्प्युटर लावला आणि म्हणाली, “काका, सगळं परफेक्ट आहे. स्पोर्टी गाडी आहे, थोडी कडक वाटणारच.”

“तुम्ही मागे बसलात कधी हिच्यात?”

“मी?”

“पाच मिनिटं. मागे बसा. मी चालवतो.”

तिने घड्याळ बघितलं, नको म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याचा चेहरा बघून बसली. त्याने गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवरून गाडी पंधराच्या वेगाने नेऊन आणली. परत आल्यावर ती लगेच उतरली नाही.

“रन-फ्लॅट आहेत,” ती हळूच म्हणाली. “टायर. पंक्चर झाले तरी चालतात ते. त्यांची ही तक्रार येते, काका. तुम्ही पहिले नाही.”

“मग साधे बसवून द्या.”

“कंपनीने गाडीसोबत जे दिलंय ते मी बदला असं नाही सांगू शकत. तुमची तक्रार मात्र नोंदवते.”

“ड्रायव्हर गाडी नीट चालवत होता, हेही नोंदवा.”

जॉब कार्डावर तिने लिहिलं : कमी वेगातही बारीक कडांवर हादरा, ड्रायव्हिंग सुरळीत. जगदीशने तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

रन-फ्लॅट हा शब्द त्याने दिवाळीतही ऐकला होता. डिकीत स्टेपनी नाही म्हणून त्याने विचारलं होतं, तेव्हा शोरूमवाला म्हणाला होता, आता स्टेपनी लागतच नाही. त्यापलीकडे त्याने डोकं चालवलं नव्हतं. याचा त्याला आता राग आला. तिथून तो सरळ रे रोडला गेला, कुशाबा मेस्त्रींकडे.

कुशाबा म्हणजे त्याच्याच गावचा, सत्तरीकडे झुकलेला टायरवाला. लाकडाच्या वखारींच्या ओळीत त्याचं दुकान. आयुष्यभर टायरच उलटेपालटे केलेले, त्यामुळे हाताची बोटं आखूड आणि जाड, मुळ्यासारखी.

“खंय होतंस इतके दिवस?” कुशाबाने विचारलं आणि जगदीशचं म्हणणं संपायच्या आत उठून कोपऱ्यातून दोन जुने टायर घरंगळत आणले. एक साधा, एक रन-फ्लॅट. रिमशिवाय, रिकामे. “ह्याच्यावर हात ठेव. दाब.”

साधा टायर जगदीशच्या वजनाने दबला, बाजूची भिंत बाहेर फुगली. दुसऱ्यावर त्याने दोन्ही हातांनी सगळं अंग टाकलं. तो टायर होता तसाच राहिला.

“बघितलंस? हवा गेली तरी गाडीचं वजन ह्या भिंतीने पेलायचं असतं. म्हणून आत जाड रबर भरलेलं असतं. साध्याची भिंत वाकते, रस्त्यावरची बारीक कड तिथल्या तिथे मरते. ही वाकत नाही. मग ती कड जाणार कुठे? वर. सीटमध्ये. शिवाय चाक जड होतं, ते वेगळंच.”

“म्हणजे टायर भिकार आहे.”

“भिकार नाही रे. हायवेला पंक्चर झालं तर ट्रकांच्या मध्ये उतरायला नको, हळूहळू चालवत गॅरेज गाठता येतं. आता नवीन येतात ते थोडे मऊही असतात. पण मागे दुखरा मणका बसवायचा असेल, तर हे नकोत.”

त्याच्याकडे त्याच मॉडेलची चार चाकं होती. एका गिऱ्हाईकाने विकायला ठेवलेली, रिमसकट, साध्या टायरांची, मापही तेच. एका दिवसासाठी लावून बघ म्हणाला. पण जगदीशने त्या दिवशी लावली नाहीत. दुसऱ्याची गाडी होती. न विचारता नट फिरवणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने पुढचं दार उघडलंच नाही. “साहेब, आज तुम्ही मागे. आईंच्या शेजारी.”

अवधूत साहेब नेहमी पुढे, त्याच्या बाजूला बसत. पुढची सीट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येते, तिथे हादरा अर्धा होऊन पोचतो. मागे ते बरोबर चाकाच्या डोक्यावर बसले. परळ येईपर्यंत ते तीनदा सीट धरून बसले, आणि एकदा त्यांच्या हातातला फोन खाली पडला. जगदीशने वेगाचा काटा पंचविसाच्या वर जाऊ दिला नव्हता, आणि तो काटा त्यांना मागून दिसत होता.

“रस्ताच खराब आहे,” ते उतरताना म्हणाले.

“रस्ता उद्याही हाच असेल,” जगदीश म्हणाला, आणि चाकांचं सांगितलं. खिशातला कागदही पुढे केला.

अवधूत साहेबांनी तो वाचला. मग ते जरा चिडले. “ते टायर मी मुद्दाम घेतलेत, जगदीश. दोन वर्षांपूर्वी तुम्ही गावाला गेला होतात, तेव्हा घाटात टायर फुटला. आई आणि पूर्वीला घेऊन मी तास-दीड तास कठड्याला चिकटून उभा होतो. हातभर अंतरावरून ट्रेलर जात होते. ते मला पुन्हा नकोय. आणि कंपनीचे इंजिनिअर काय मूर्ख आहेत?”

हे जगदीशला नवीन होतं. पूर्वी म्हणजे साहेबांची धाकटी. तेव्हा आठ वर्षांची असेल. पण तो मागे हटला नाही.

“मूर्ख नाहीत. त्यांचा रस्ता वेगळा असेल. आणि तुमची भीती खोटी नाही, साहेब. पण घाटात आपण वर्षातून दोनदा जातो. आई आठवड्यातून तीनदा ह्या रस्त्यावरून जातात. रोजचं दुखणं कुणी मोजायचं?”

“अवधूत,” आनंदीबाई काठीवर रेलून म्हणाल्या. “पाठ माझी आहे. उद्या ती चाकं लाव.”

मंगळवारी दुपारी कुशाबाने चारही चाकं बदलली. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागला, कारण त्या चाकांत सेन्सर नव्हते. ते जगदीशने आधीच साहेबांना सांगून ठेवलं. बुधवारी तिघं निघाले. तोच रस्ता, तेच झाकण, तीच पेव्हर ब्लॉकची कड. कड लागली, पण आवाज बोथट आला, पायाखाली गोणपाट असल्यासारखा. वळणावर गाडी किंचित डुलली, आधीसारखी घट्ट नव्हती. जगदीशने तेही बोलून दाखवलं. त्याला फसवून जिंकायचं नव्हतं.

हिंदमाता मागे पडली. “आई गं” ऐकू आलं नाही. परळला गाडी थांबली तेव्हा आनंदीबाईंनी डोळे उघडले.

“आलं?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं अजून दादरातच आहोत.”

मागे बसलेल्या अवधूत साहेबांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, “एजन्सीला नको म्हणून कळवतो.”

“ते ठीक,” जगदीश म्हणाला. “पण त्या दिवशी माझ्या हाताला बोललात.”

असं बोलायला नको होतं, असं पुढे शैला म्हणाली. पण तो आरशातून साहेबांकडे बघत राहिला, आणि नजर खाली केली नाही.

“चुकलं माझं,” अवधूत साहेब म्हणाले. आईच्या देखत म्हणाले.

त्या महिन्यात गाडीला साधे नवे टायर बसले, सेन्सरसकट. डिकीत बारीक स्टेपनी, जॅक आणि हवेचा पंप आला, आणि निम्मी डिकी गेली. रन-फ्लॅट कुशाबाच्या माळ्यावर ठेवले. घाटात जायचं झालं तर चढवायचे, एवढी तडजोड जगदीशने आपणहून सुचवली. एप्रिलमध्ये चिंचपोकळीच्या उताराला खिळा लागला. भर उन्हात चाक बदलायला त्याला पंचवीस मिनिटं लागली आणि कंबर धरली. साहेबांनी फोनवर म्हटलं, “बघितलंत?” तो म्हणाला, “बघितलं. बदललं. निघालो.”

मे महिन्यात एका शुक्रवारी व्यायाम आटोपून आनंदीबाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, “जगदीश, गिरगावला चल.”

गिरगावात त्यांचं माहेर होतं. आता माहेरचं कुणी उरलं नव्हतं, पण मनू नावाची शाळेतली मैत्रीण अजून तिथेच, तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

“आई, साहेबांना विचारलंत?”

“डॉक्टरांना विचारलंय. तासभर बसायला हरकत नाही म्हणाले. अवधूतला विचारलं की तो नाही म्हणेल. तू सांगू नकोस.”

जगदीशने गाडी सुरू केली. “मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. चालेल?”

“चालेल. विचारलं तर म्हणावं, आईने सांगितलं.”

त्याने गाडी परळहून लालबागच्या पुलावर चढवली. सांध्यामागून सांधा चाकांखालून जाऊ लागला, ठप ठप, मऊ. आनंदीबाईंनी काच अर्धी खाली केली आणि मैत्रिणीला फोन लावला.

“मनू, चहा टाक,” त्या म्हणाल्या. “आणि खाली उतरू नकोस. मी जिना चढून येतेय.”