रामबुतानची सोयरीक

कशेळीतली भातशेती गोदामांखाली गेली, तेव्हा तुळशीराम मढवींनी खुर्ची धरली आणि त्यांच्या बायकोने, हौसाबायने, परसू धरलं. आपापल्या जागेवरून उठायला दोघंही तयार नसत. तुळशीरामांची खुर्ची ओटीवर, टीव्हीसमोर. हौसाबायचं परसू घराच्या मागे, थेट गोदामाच्या पत्र्यापर्यंत. तिथे अळू होतं, शेवगा होता, दोन चिकू होते. पण बाईचा जीव त्यात रमत नव्हता.

"अळू काय, गटारात बी येतं," ती म्हणायची. गुडघाभर चिखलात उभं राहून उभा जन्म भात लावलेली बाई. तिला काहीतरी अवघड पाहिजे होतं.

ते २००२ साली गोदामातून आलं. मढवींच्याच जागेवरच्या त्या गोदामात तेव्हा परदेशी फळांचा माल उतरायचा आणि पडघ्याचा रवींद्र भालेराव नावाचा तरुण तिथे सुपरवायझर होता. एकदा एक पेटी फुटून आली. त्याने त्यातली फळं सगळ्यांना वाटली, जागामालकीण म्हणून हौसाबायला ओंजळभर जास्त. लाल, लिंबाएवढी आणि अंगभर केस.

"ह्यो काय रं? जनावर हाय का फळ?"

"फळ आहे काकू. रामबुतान."

"राम आनि भूत एकाच नावात? खायाचं का त्याला हात जोडायचे?"

रवींद्रने एक सोलून दाखवलं. आत पांढराशुभ्र, ताडगोळ्यासारखा गर. हौसाबायने तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बी थुंकायच्या ऐवजी पदरात बांधली. संध्याकाळपर्यंत तिने घरातल्या सगळ्यांच्या तोंडातून बिया वसूल केल्या होत्या. तुळशीरामांनी एक चुकून गिळली, तर दोन दिवस त्यांच्याशी अबोला.

तेलाच्या डब्यांत लावलेल्या बियांपैकी एकच रोप टिकलं. त्यासाठी घराने जे सोसलं ते सोसणाऱ्यांनाच ठाऊक. खाडीजवळची विहीर, पाणी मचूळ. ते झाडाला चालेना. म्हणून नळाचं गोडं पाणी झाडाला आणि विहिरीचं मचूळ पाणी माणसांच्या आंघोळीला, असा कायदा झाला. साबणाला फेस येत नाही म्हणून मुलगा धनेश कुरकुरला, तर आई म्हणाली, "तू काय वाळनार हायस का?" उन्हाळ्यात पत्र्याची झळ लागते म्हणून झाडावर आधी तिची जुनी लुगडी, मग नव्या साड्या आणि शेवटी नर्सरीतली हिरवी जाळी आली. तुळशीराम ओटीवरून, उघड्या मागच्या दारातून बघत म्हणाले, "माझ्या डोक्यावर कवा फडकं धरलंस?"

"तुमाना कवा पालवी फुटली?" परसातून उत्तर आलं.

२००८ च्या फेब्रुवारीत झाडाला फुलोरा आला. बारीक, हिरवट, दिसायला काहीच नाही. पण हौसाबायने गल्लीत पेढे वाटले. मग ती फुलं गळू लागली. खाली हिरवा सडा, वर शेंगदाण्याएवढंही फळ नाही.

आता गावाचा सल्ला सुरू झाला. कुणी म्हणालं मुळाशी मासळीचं पाणी घाल, कुणी म्हणालं बुंध्यात खिळा ठोक. शेजारची आक्का मिरच्या ओवाळून गेली. शेवटी जुना उपाय काढला: एकाने कोयता घेऊन झाडाला धमकावायचं, दुसऱ्याने झाडाची बाजू घ्यायची. त्यासाठी तुळशीरामांना खुर्चीतून उठवण्यात आलं.

"फळ न्हाय देत? तोडतूच आता!" ते गरजले.

"नको वो, फुडच्या साली देल," हौसाबायने हात जोडले.

"नळाचं पानी पितं! आमी खारं पानी अंगावर घेतू!" तुळशीरामांचा आवाज चढत गेला. सहा वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं. कोयता खरोखर वर गेला, तेव्हा धनेशने मागून येऊन धरला.

फुलोरा अजून थोडा शिल्लक होता, तेवढ्यात हौसाबायची भाची मृणाली सुट्टीला आली. ती कृषी कॉलेजात शिकत होती. तिने एक फूल चिमटीत धरून भिंगाखाली पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं.

"आत्या, हे झाड नर आहे. कितीही खतपाणी कर, याला फळ धरणार नाही."

हौसाबायने झाडाकडे पाहिलं. मग तिने ओटीकडे पाहिलं, जिथे टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

"म्हंजी घरात अजून एक," ती म्हणाली.

मृणाली हसू दाबत म्हणाली, "पण कुठे मादी झाड असेल आणि त्याला याचे पराग मिळाले, तर तिकडे फळ धरेल."

एवढं ऐकताच बाई उठली आणि तिने रवींद्रला फोन लावायला लावला. त्याने एव्हाना दुसऱ्या गोदामात नोकरी धरली होती. हौसाबायचं सगळं ऐकून तो म्हणाला, "काकू, त्याच पेटीतली बी माझ्या आईनेही लावली होती. झाड फुलतं, कृषी खात्याचा माणूस त्याला मादी म्हणून गेला, फळ मात्र धरत नाही. पण आईसमोर त्याला वांझ म्हणू नका. शेजारची एक बाई म्हणाली, तेव्हापासून आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं बंद आहे."

दुसऱ्या दिवशी हौसाबाय पडघ्याच्या बसमध्ये होती.

रवींद्रची आई जाईबाई या निवृत्त नर्स. अंगण वॉर्डासारखं स्वच्छ, झाडाचं आळं चुन्याने आखलेलं. त्यांनी पाहुणीला चहा दिला आणि चष्म्यावरून विचारलं, "तुमच्या झाडाला कीड वगैरे?"

"कदी न्हाय. आमचा निर्व्यसनी हाय."

"पाणी?"

"नळाचं."

जाईबाईंनी मान हलवली. मग दोघी परसात गेल्या. झाड भरदार होतं, पण फुलोरा चार दिवसांपूर्वीच संपला होता. "यंदाचं राहिलं," जाईबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी फुलं धरली की मी फोन करते. तुमचाही तेव्हा फुललेला पाहिजे."

हौसाबाय खुशीत परत आली, आणि घोटाळा तिथे झाला. मासळी बाजारात कुणीतरी विचारलं, "कुठं गेल्तीस?"

"पडघ्याला, बघाया. अंगानं भरलेली हाय, उंच हाय. यंदा न्हाय म्हनतात, फुडच्या वर्सी बार उडवू."

धनेश तेव्हा लग्नाचा होता. दामू नावाचे एक नात्यातले गृहस्थ त्याच्यासाठी वज्रेश्वरीकडची दिपाली नावाची मुलगी घेऊन येणार होते. मुलीचे वडील केसरीनाथ यांचा होकार जवळजवळ ठरलेला. बाजारातली बातमी दामूंच्या कानावर गेली आणि ते तडक घरी आले, पण चहालाही बसले नाहीत.

"पडघ्याला जमलं होतं तर आम्हाला कशाला नाचवलंत?" ते म्हणाले. "केसरीनाथांना मी काय तोंड दाखवू?"

"पडघ्याला माझं काय जमलंय?" धनेशने विचारलं.

"आईला विचार!"

आईने खुलासा केला. दामूंना तो मुळीच पटला नाही. झाडासाठी बायको शोधतोय असली थाप त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. ते गेले. धनेश महिनाभर आईशी तुटक बोलत होता, आणि परसात गेलाच तर झाडाकडे पाठ करून उभा राहायचा.

२००९ च्या मार्चमध्ये जाईबाईंचा फोन आला. "फुलं उमलली. उद्या सकाळी लवकर या."

हौसाबायने पहाटेच फुलांच्या डहाळ्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. मृणाली मुद्दाम आली होती. गाडी चालवायला धनेश, तोही "परत सांगू नकोस" या अटीवर. अंजूरफाट्यापर्यंत ठीक होतं. पुढे रांजनोली नाक्यावर कंटेनर अडकलेला. ट्रकामागे ट्रक, कुणी हलेना. ऊन चढायला लागलं. मृणालीने टोपलीत हात घातला आणि म्हणाली, "आत्या, फुलं कोमेजायला लागली."

हौसाबायने दार उघडलं आणि खाली उतरून समोरच्या ट्रकवाल्याच्या दरवाजावर थाप मारली.

"भाईसाब, गाडी थोडा बाजू लेव! हमारा नवरदेव सूख रहा है! नवरी उधर राह देख रही है!"

ट्रकवाल्याने वाकून मागच्या गाडीत पाहिलं. स्टिअरिंगवर धनेश घामाने निथळत, चेहरा पडलेला. ट्रकवाल्याला दया आली.

"अरे, दूल्हा फँसा है! रास्ता दो, रास्ता दो!"

निरोप एका ट्रकवरून दुसऱ्यावर गेला. कुणी मागे घेतलं, कुणी चाक फुटपाथवर चढवलं. हॉर्न वाजायला लागले. एका सरदारजीने आपल्या ट्रकच्या काचेवरचा झेंडूचा हार काढून खिडकीतून धनेशच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "घबराओ मत बेटा, सबके साथ होता है।" धनेशने हार काढायला हात वर केला, तर आई ओरडली, "ऱ्हाऊ दे! काढलास तर पुना अडकू!"

अशा थाटात वरात पडघ्याला पोचली. जाईबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हार घातलेल्या धनेशकडे पाहिलं, मग टोपलीकडे.

"यातला आमचा कुठला?" त्यांनी विचारलं.

मृणालीने रंगाचा ब्रश काढला, पण हौसाबाय म्हणाली, वराची आई मी, मी लावनार. जाईबाई म्हणाल्या, आमच्या मुलीला परक्याचा हात लागायचा नाही, ब्रश इकडे द्या. शेवटी हौसाबायने डहाळी धरली आणि जाईबाईंनी इंजेक्शन देणाऱ्या हाताने, हलकेच, एकेका फुलाला पराग लावले. फुलोरा होता तोवर अशा अजून काही खेपा झाल्या. धनेशने हार पुन्हा घातला नाही.

आणि फळं धरली. मोजकीच, पण धरली. काही वटवाघळांनी खाल्ली, काही गळाली. जुलैत उरलेली लाल झाली. हौसाबायने ठरवलं की हा प्रसंग चारचौघांत व्हायचा. तिने स्वतः वज्रेश्वरीला फोन करून केसरीनाथांना बोलावलं. "पडघ्याची सून दावते. या आनि डोल्यानं बघा. पोरीलाबी आना."

केसरीनाथ आले, दामूंना साक्षीला घेऊन आणि दिपालीलाही. जाईबाई आणि रवींद्र फळांचा डबा घेऊन आले. ओटीवर सगळे बसले. तुळशीरामांनी टीव्ही स्वतःहून बंद केला. हौसाबायने फळं सोलून बशीत मांडली आणि पहिलं केसरीनाथांना दिलं.

केसरीनाथांनी चावलं. त्यांचा एक डोळा मिटला, मग दुसरा. दामूंनी खाल्लं आणि गालावर हात धरला. जाईबाईंनी नर्सच्या निश्चयाने गिळलं. फळ चिंचेच्या वर आंबट होतं.

केसरीनाथांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. शेवटी मृणाली हळूच म्हणाली, "बीचं झाड होतं ना आत्या. मूळ फळासारखं निघेलच असं नसतं."

"पोरांसारखंच," तुळशीराम म्हणाले.

हौसाबायचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. इतक्या वर्षांचं गोडं पाणी, साड्या, पेढे. दिपालीने आपलं फळ संपवलं होतं. तिने दुसरं फळ उचललं, नीट चाखलं आणि म्हणाली, "काकू, आज चिवणी मासळी आणलीत ना? वास येतोय. कालवणात चिंच घातलीत का?"

"न्हाय अजून."

"मग हेच घालू या."

हौसाबायने बशी उचलली. मग दोघी उठून आत गेल्या. मागोमाग जाईबाईही गेल्या, कारण स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायला लागला होता.

पावसाळ्यातल्या, पोटात अंडी भरलेल्या गाबोळीच्या चिवणी आणि त्यात रामबुतानचा आंबट गर. असं कालवण कशेळीने पूर्वी खाल्लं नव्हतं. केसरीनाथांनी तीनदा भात मागितला. तिसऱ्यांदा भात कालवताना ते दामूंना म्हणाले, "मुहूर्त बघून ठेवा."

लग्न पुढच्या मे महिन्यात झालं. जाईबाई वरपक्षाकडून आल्या होत्या आणि मानाची साडी नेसून हौसाबायला सगळ्यांदेखत "विहीणबाई" म्हणत होत्या. केसरीनाथांच्या बायकोला त्याचा राग आला, कारण खरी विहीण ती होती. तिची समजूत घालायला तुळशीरामांनाच खुर्चीतून उठावं लागलं.